वैरागड : हिऱ्याची खाण व तिचें नांव

वैनगंगेच्या पूर्वेस, गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यांत, खोब्रागडी नदीच्या कांठीं वैरागड नांवाचें गांव आहे. खंदकानें वेढलेला एक जुना किल्ला, भंडारेश्वराचें हेमाडपंती देवालय, भाताचीं शेतें आणि भोंवतालचें रान, एवढीच आज त्याची ओळख सांगतां येईल. हा मुलूख १७५१ मध्यें चांद्याच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला व १८५४ मध्यें इंग्रजी अंमलांत आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचे विभाग होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून गांव त्यांत आहे. परंतु एके काळीं हें नांव रत्नपूरच्या राजसभेंत, चोळांच्या प्रशस्तींत आणि अकबराच्या दफ्तरांत घेतलें जात होतें. त्याचें कारण तेथील हिऱ्यांची खाण. ही कीर्ति केवळ दंतकथा आहे, कीं तिला प्रमाण आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. प्रमाणें विखुरलेलीं असलीं तरी थोडीं नाहींत. आणि त्यांतलें सर्वांत जुनें प्रमाण म्हणजे गांवाचें नांवच होय.

१. नांवाचा विचार

वैरागड या नांवाची उपपत्ति लोक दोन प्रकारें लावतात. द्वापरयुगांत वैरोचन नांवाचा चंद्रवंशी राजा होता, त्यानें हा गड वसविला व त्यास आपलें नांव दिलें, ही एक कथा. दुसरी समजूत शब्दाच्या ध्वनीवरून निघालेली आहे. तीप्रमाणें कोणी बैराग्याशीं, कोणी वैराग्याशीं हें नांव जोडतात. दोन्ही उपपत्तींत ‘गड’ हा नांवाचा मूळ अवयव धरला आहे, आणि चूक होते ती येथेंच.

बाराव्या शतकाच्या आरंभींच्या लेखांत हें नांव ‘वैरागर’ असें येतें. शेवटीं ‘गड’ नाहीं, ‘गर’ आहे. ‘वैरागर’ हा शब्द संस्कृत ‘वज्राकर’ या समासाचें सरळ प्राकृत रूप आहे. वज्र म्हणजे हिरा व आकर म्हणजे खाण. प्राकृतांत वज्राचें ‘वइर’ होतें आणि आकराचें ‘आगर’ होतें. पहिल्या अवयवाविषयीं जैन प्राकृत ग्रंथांचा परिचय असलेल्यास शंका येणार नाहीं. दुसऱ्यासाठीं तर ग्रंथाकडेही जावयास नको. समुद्रकांठचें ‘मिठागर’ आपण सर्व जाणतों. मिठाचें आगर तें मिठागर, तसें वइराचें आगर तें वैरागर.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जुन्या मराठी काव्यभाषेंत ‘वैरागर’ हा शब्द हिऱ्याची खाण या अर्थीं सामान्यनाम म्हणूनही चालत असे. रत्नांचा सागर तसा हिऱ्यांचा वैरागर, अशा धाटणीचा तो शब्द आहे. म्हणजे या गांवाला कोणा राजाचें नांव मिळालेलें नसून, तेथें जो व्यवसाय चालत होता त्याचेंच नांव मिळालेलें आहे. पुढें खाणीपेक्षां किल्ला अधिक ठळक झाला, ‘आगर’ हा अवयव बोलणाऱ्यास कळेनासा झाला, आणि ‘गर’ चा ‘गड’ झाला. अकबराच्या काळच्या फारसी ग्रंथांत नांवाचा शेवट ‘गढ’ असाच दिसतो. तेव्हां हा पालट बाराव्या व सोळाव्या शतकांच्या दरम्यान केव्हां तरी घडला असें म्हणावयास हरकत नाहीं. किल्ल्यावरून गांवाला नांव मिळालें नाहीं. किल्ल्यामुळें गांवाचें खरें नांव झांकलें गेलें.

२. शिलालेखांतील साक्ष

केवळ व्युत्पत्तीवर इतिहास उभारणें धोक्याचें असतें. सुदैवानें येथें तीन निरनिराळ्या राजघराण्यांचे लेख उपलब्ध आहेत, आणि ते परस्परांचे मित्र नसून प्रतिस्पर्धी होते.

पहिला लेख रत्नपूरच्या कलचुरींचा. पहिला जाजल्लदेव याचा रत्नपूर येथील शिलालेख कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४ चा आहे. कीलहॉर्न यांनीं तो ‘एपिग्राफिआ इंडिका’ च्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध केला. जाजल्लदेवास कर अथवा नजराणे देणाऱ्या मंडलांची जी यादी या लेखांत आहे, तींत दक्षिणकोसल, आंध्र व खिमिडी यांच्या पाठोपाठ ‘वैरागर’ हें नांव असून पुढें लांजिका, भाणार, तलहारी इत्यादि नांवें येतात. लांजिका म्हणजे बालाघाटाकडील लांजी, व भाणार म्हणजे भंडारा, अशी ओळख सामान्यतः मान्य आहे. यादींतील शेजार पाहिला म्हणजे वैरागर हें वैनगंगेच्या खोऱ्यांतलेंच स्थळ असलें पाहिजे हें उघड होतें. शिवाय तें नुसतें खेडें नव्हे, एका मंडलाचें नांव होतें, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरा पुरावा दक्षिणेंतून येतो. पहिला कुलोत्तुंग चोळ इ. स. १०७० मध्यें गादीवर आला. त्याच्या तामिळ प्रशस्तींत, तो युवराज असतांना त्यानें ‘वयिरागरम्’ येथें हत्तींचे कळप पकडले व ‘शक्करकोट्टम्’ च्या राजाकडून खंडणी घेतली, असें वर्णन आहे. शक्करकोट्टम् म्हणजे बस्तरमधील चक्रकोट. चक्रकोटाच्या जोडीला येणारें वयिरागरम् हें आपलें वैरागड होय. तामिळ भाषेंत हिऱ्यास ‘वयिरम्’ असेंच म्हणतात. तेव्हां प्रशस्ति ऐकणाऱ्या तामिळ मनुष्यासही या नांवाचा अर्थ कळत असला पाहिजे.

तिसरा लेख खुद्द त्या चक्रकोटच्या नागवंशी राजाचा. बस्तरमधील कुरुसपाल येथील लेखांत सोमेश्वरानें वेंगी जाळली व भद्रपट्टन आणि ‘वज्र’ हीं स्थळें जिंकलीं असा अभिमानानें उल्लेख केला आहे. रायबहादुर हिरालाल यांनीं हें वज्र म्हणजे वैरागड असें ठरविलें. संस्कृत लेख रचणाऱ्या कवीनें येथें लोकांच्या तोंडचें प्राकृत नांव सोडून त्याचें मूळ संस्कृत वापरलें आहे. हा सोमेश्वर इ. स. ११११ पूर्वीं वारला होता. जाजल्लदेवाच्या वर सांगितलेल्या लेखांतही सोमेश्वर नांवाच्या राजास लढाईंत धरून, मग त्याच्या मातेच्या विनंतीवरून सोडून दिल्याची हकीकत आहे. तो हाच असावा, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे.

आतां हे तीन लेख एकत्र ठेवून पाहावे. सुमारें पन्नास वर्षांच्या अवधींत वेंगीकडून आलेला चोळ युवराज, बस्तरचा नाग राजा आणि छत्तीसगडचा कलचुरि राजा, असे तिघे या एकाच स्थळावर हक्क सांगतात. एक त्यास वयिरागरम् म्हणतो, दुसरा वज्र म्हणतो, तिसरा वैरागर म्हणतो. भाषा तीन, पण अर्थ एकच. रानांतल्या एका स्थळासाठीं तीन राजसत्तांनीं झगडावें, यास कांहीं सबळ कारण पाहिजे. कोशाचा उगम खाणींत आहे हें राजनीतीचें तत्त्व कौटिल्यानें सांगून ठेवलेंच आहे. येथें खाण होती आणि हत्तीही होते.

३. मुसलमानी तवारिखांतील साक्ष

यानंतरची साक्ष तीनशें वर्षांनीं मिळते. फिरिश्ता लिहितो कीं, बहामनी सुलतान अहमदशाह वली यानें हिजरी ८२९ (इ. स. १४२५-२६) मध्यें माहूरवर स्वारी केली, आणि त्याच मोहिमेंत गोंडवनाच्या ताब्यांतील कळम येथील हिऱ्याची खाण काबीज केली. त्यानंतर सुलतान एलिचपुरास राहिला व तेथें असतां त्यानें गाविलगडाचें बांधकाम व नरनाळ्याची दुरुस्ती केली.

फिरिश्त्याचें ‘कळम’ कोणतें, हा प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब या गांवाकडे सहज लक्ष जातें. परंतु तो सारा प्रदेश काळ्या बसाल्टाचा आहे, आणि त्या खडकांत हिरा सांपडत नाहीं. गारगोटी, अकीक व तत्सम स्फटिक मात्र त्यांत विपुल मिळतात. हिरा हवा असल्यास या खडकाची सीमा ओलांडून पूर्वेकडील पुरातन खडकांच्या भूमींत, म्हणजे गोंडवनांत, गेलें पाहिजे. ‘आईन-इ-अकबरी’ ही अडचण सोडविते. तींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत कळंब ही एक सरकार असून, तिच्या लगत चांद्याच्या बाबाजी नांवाच्या गोंड जमीनदाराचा मुलूख सांगितला आहे. यावरून फिरिश्त्यानें मोहिमेच्या बाजूच्या प्रसिद्ध ठाण्याचें नांव खाणीस लाविलें, व खाण मात्र त्यापलीकडच्या गोंड मुलखांत होती, असा अर्थ घेणें सयुक्तिक दिसतें. फिरिश्ता या घटनेनंतर पावणेदोनशें वर्षांनीं लिहीत होता, हेंही विसरतां कामा नये.

अबुल फज्ल मात्र समकालीन आहे व त्याचें विधान निःसंदिग्ध आहे. बाबाजीपाशीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचें तो लिहितो. त्या मुलखास लागून बैरागढ असून तेथें हिऱ्याची खाण आहे. तेथें नक्षीदार वस्त्रें व इतर कापड विणलें जातें. बाबाजीनें हें स्थळ नुकतेंच दुसऱ्या एका नायकापासून हिसकावून घेतलें. आणि त्या बाजूस रानहत्ती पुष्कळ आहेत, असें त्याचें सांगणें आहे. हा बाबाजी म्हणजे चांद्याच्या गोंड घराण्यांतील बाबाजी बल्लाळशाह. वैरागडावर गोंडांपूर्वीं माना जमातीच्या नायकांचा अंमल होता अशी जी परंपरा त्या बाजूस आहे, तीही येथें लक्षांत घेण्यासारखी आहे.

अबुल फज्लाच्या या चार ओळींतील हत्तींचा उल्लेख सहज आलेला आहे, म्हणूनच तो मोलाचा आहे. कुलोत्तुंगाच्या प्रशस्तींत हत्ती आहेत आणि पांचशें वर्षांनंतरच्या मोगल ग्रंथांतही हत्ती आहेत. चोळ प्रशस्ति अबुल फज्लानें पाहिली असण्याचा संभव नाहीं. एकमेकांस अपरिचित असे दोन साक्षीदार एका स्थळाविषयीं तीच गोष्ट सांगतात, तेव्हां तें स्थळ एकच आहे या मतास चांगलें बळ येतें. मध्यंतरीं त्या रानांतून हत्ती नाहींसे झाल्यामुळें हा उल्लेख वाचकांस नवलाचा वाटे. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्यें रानहत्तींचा एक कळप छत्तीसगडकडून गडचिरोली जिल्ह्यांत उतरला, तेव्हां पूर्वेकडील रानांशीं असलेला हा जुना मार्ग पुन्हां प्रत्यक्षास आला.

येथवरच्या पुराव्याच्या मानानें एक प्रमाण दुर्बळ आहे, त्याचाही निर्देश केला पाहिजे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’ त वज्रपरीक्षेच्या प्रकरणांत वेणातट, कोसल, सुराष्ट्र, शूर्पारक, कलिंग इत्यादि हिऱ्यांचीं उत्पत्तिस्थानें सांगितलीं आहेत. वेणा म्हणजे वैनगंगा घेतल्यास वैरागडची परंपरा सहाव्या शतकापर्यंत मागें जाते. पण वेणा अथवा वेण्णा या नांवाच्या नद्या एकाहून अधिक आहेत, आणि कृष्णेसही तें नांव लागतें. शिवाय रत्नशास्त्राच्या याद्या एका ग्रंथांतून दुसऱ्यांत जशाच्या तशा उतरत आल्या आहेत. यास्तव हें प्रमाण हातीं धरून ठेवावें, पण त्यावर भार घालूं नये. वैरागडची निश्चित परंपरा अकराव्या शतकापासून धरावी.

४. खाण म्हणजे काय होती

हिऱ्याची खाण म्हटल्यावर खोल विहिरी व भुयारें डोळ्यांपुढें येतात. एवढी प्रसिद्ध खाण होती तर तिचे मोठे अवशेष कोठें आहेत, असा आक्षेपही त्यामुळेंच निघतो. या आक्षेपाचें उत्तर हिऱ्याच्या स्वभावांत आहे.

हिरा पृथ्वीच्या पोटांत फार खोलवर तयार होतो व एका विशिष्ट ज्वालामुखी खडकाबरोबर वर येतो. तो खडक काळानें कुजतो व झिजतो. हिरा झिजत नाहीं, कारण त्याहून कठीण असा नैसर्गिक पदार्थ दुसरा नाहीं. पाऊस व ओढे त्यास वाहून नेतात. हिऱ्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ३.५ व गारेचें सुमारें २.६५, त्यामुळें साध्या वाळूंतून तो खालीं बसतो आणि गोट्यांच्या थरांत अडकून राहतो. वैरागडची खाण या जातीची होती. जुन्या इंग्रजी नोंदींप्रमाणें तेथील खोदकाम सतनाल्याच्या बाजूस, जांभ्या जातीच्या रेताड मुरुमांत झालेलें आहे. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलंटाइन बॉल यांनींही गेल्या शतकाआधींच्या शतकांत हिंदुस्थानांतील हिऱ्यांच्या क्षेत्रांत वैरागडची गणना केली आहे.

अशा जागीं भुयार लागत नाहीं. पावसाळा सरल्यावर वरची माती काढावयाची, गोट्यांच्या थरापर्यंत खड्डा न्यावयाचा, निघालेला मुरूम ओढ्याच्या पाण्यानें धुवावयाचा, माती वाहून गेली म्हणजे उरलेली खडी वाळवून पसरावयाची, आणि उन्हांत एकेक खडा नजरेखालून घालावयाचा. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये हा वैरागडास गेला नव्हता; पण सतराव्या शतकांत त्यानें कृष्णेकांठच्या कोल्लूर येथें हेंच काम पाहिलें. पुरुष खणीत, बायका व मुलें माती वाहून नेत, मग ती भिजवून, वाळवून व पाखडून हिरे वेंचीत, असें त्याचें वर्णन आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील सोनझरी लोक नदीच्या वाळूंतून सोन्याचे कण लाकडी पात्रांत धुऊन काढीत. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ मध्यें त्यांचें वर्णन केलें आहे. आपल्याकडील झारेकरी सोनाराच्या दुकानांतील राख व केर धुऊन सोनें काढतो, त्याची कलाही याच वर्गांतली. पाणी, हात व नजर एवढेंच या धंद्याचें भांडवल.

मध्य प्रदेशांत पन्ना येथें हा प्रकार आजही पाहावयास मिळतो. तेथें सरकार लोकांना लहान लहान तुकडे ठराविक शुल्कावर खोदावयास देतें. आठ मीटर चौरस हें अशा तुकड्याचें माप. सांपडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयांत जमा करावयाचा, त्याचा लिलाव व्हावयाचा, आणि सरकारी हक्क वजा जातां उरलेली रक्कम खोदणाऱ्यास मिळावयाची, अशी रीत आहे. महिनोन्महिने खोदून कांहीं न मिळणारे पुष्कळ, आणि एका दिवसांत दैव उघडणारे थोडे. वैरागडासही यांहून निराळें नसावें. राजांच्या प्रशस्तींत मंडल जिंकल्याचें आहे, खंडणीचें आहे. पण ती खंडणी उभी राहिली ती मुरूम धुणाऱ्यांच्या हातांतून, आणि त्यांचें नांव कोणत्याही लेखांत नाहीं.

असे उथळ खड्डे दोन-चार पावसाळ्यांत गाळानें भरतात व मग शेतांत मिळून जातात. म्हणून वैरागडास मोठे अवशेष नसणें हा खाणीविरुद्ध पुरावा होत नाहीं; अशा खाणीचें तें लक्षणच होय.

हिऱ्यांचा मूळ खडक कोणता, याबद्दलही नव्या शोधांचा थोडा उपयोग होतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत छत्तीसगडमध्यें मैनपूरच्या बाजूस, बेहराडीह व पायलीखंड येथें, हिऱ्याचे मूळ खडक आढळले. ज्या पुरातन भूखंडावर वैरागड आहे त्याच भूखंडांत हीं स्थळें येतात, तेव्हां या भूमींत हिरा असणें अस्वाभाविक नाहीं हें सिद्ध झालें. तथापि मैनपूरचें पाणी महानदीकडे जातें, वैरागडचें पाणी वैनगंगेंतून गोदावरीकडे जातें. तेव्हां वैरागडचे हिरे मैनपूरहून वाहत आले असें म्हणतां येत नाहीं; त्यांचा उगम खोब्रागडीच्याच पाणलोटांत, किंवा तेथील जुन्या गोट्यांच्या थरांत शोधावा लागेल.

५. ऱ्हास व पुढील कार्य

नागपूर राज्याचा कारभार पाहणारे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांचा अहवाल १८२७ मध्यें छापला गेला. त्या सुमारास वैरागडची खाण गतवैभव झालेली होती. १८६९ चा लूसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल व १८७० चें ग्रँट यांचें मध्यप्रांताचें गॅझेटियर यांच्या काळीं तर ती केवळ इतिहासाची गोष्ट होती. या ऱ्हासास दोन कारणें देतां येतात. एक, अशा थरांतील हिरे मोजके असतात. शतकानुशतकें धुतल्यावर ते संपतात व पुढें श्रमाचें मोल निघत नाहीं. दुसरें, १७२५ च्या सुमारास ब्राझीलचे हिरे बाजारांत येऊं लागले व हिंदुस्थानचा या व्यापारांतील अग्रहक्क गेला. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेच्या हिऱ्यांनीं उरलेंसुरलें संपविलें. गोवळकोंड्याच्या नांवाची जगांत दुंदुभि वाजली, तेथील खाणी देखील याच मार्गानें गेल्या.

येणेंप्रमाणें निष्कर्ष असा : वैरागड हें ‘वज्राकर’ या शब्दाचें रूप असून गांवास हें नांव खाणीवरून मिळालें आहे, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही खाण एवढी प्रसिद्ध होती कीं तिचें नांव मंडलास लागलें, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती चालू होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिचा व्यवहार संपला. म्हणजे सुमारें साडेसातशें वर्षें या भूमींतून हिऱ्यांचा शोध होत होता.

या विषयांत अद्याप करण्यासारखीं तीन कामें आहेत. भोसल्यांच्या काळचे मोडी कागद चाळून त्यांत खाणीच्या उत्पन्नाची बाब कोणत्या नांवानें येते तें पाहिलें पाहिजे. सतनाल्याच्या व खोब्रागडीच्या कांठच्या शेतांचीं, टेकाडांचीं व घाटांचीं लोकांच्या तोंडचीं नांवें टिपून नकाशावर मांडलीं पाहिजेत; कारण खड्डा बुजला तरी शेताचें नांव मागें राहतें. आणि माना व गोंड वृद्धांपाशीं मुरूम धुण्याविषयींचे जे शब्द व ज्या हकीकती असतील, त्या त्यांच्याच भाषेंत लिहून घेतल्या पाहिजेत. यांपैकीं पहिलें काम थोडें थांबलें तरी चालेल. कागद दफ्तरांत सुरक्षित आहेत. दुसरें व तिसरें थांबूं शकत नाहीं. नांगर दर वर्षीं फिरतो आणि सांगणारीं माणसें दर वर्षीं कमी होतात. किल्ल्याचा दगड पडला तर उचलून पुन्हां बसवितां येतो, तसें शेताचें विसरलेलें नांव बसवितां येत नाहीं. एका शब्दानें नऊशें वर्षांनंतर आपणांस खाणीचा पत्ता दिला. असे आणखी शब्द तेथें असतील तर ते आतांच गोळा करावे.